फर्रुखाबादने निवडलेला माणूस

लोकसभेच्या पोटनिवडणुकांना इतिहासात सहसा जागा मिळत नाही. एखाद्या सदस्याचे निधन होते किंवा तो राजीनामा देतो, रिकाम्या जागेसाठी मतदान होते, बहुधा सत्तारूढ पक्षाचाच उमेदवार निवडून येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एका रकान्यापलीकडे त्या निकालाचे आयुष्य जात नाही. मे १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद मतदारसंघात झालेली पोटनिवडणूक मात्र याला अपवाद ठरली. तिने त्रेपन्न वर्षांच्या एका माणसाला प्रथमच लोकसभेत पाठवले. या माणसाने तोवरच्या आयुष्यातील कित्येक वर्षे तुरुंगात काढली होती, आपला पक्ष दोनदा सोडला होता आणि लोकसभेच्या निवडणुकांत पराभवच पाहिला होता. त्याचे नाव डॉ. राममनोहर लोहिया. त्यानंतर त्यांना अवघी सव्वाचार वर्षे लाभली. परंतु तेवढ्या अवधीत भारतीय संसदेत काय बोलले जाते, कोणासाठी बोलले जाते आणि कोणत्या भाषेत बोलले जाते, हे तीनही प्रश्न पूर्वीसारखे राहिले नाहीत.

या निकालाचे आश्चर्य समजून घ्यायचे तर त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४९४ पैकी ३६१ जागा जिंकल्या होत्या. विरोधी पक्षांची मते विखुरलेली होती. स्वतः लोहियांनी त्या निवडणुकीत फुलपूर मतदारसंघात थेट पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंना आव्हान दिले होते. नेहरूंना १ लाख १८ हजार ९३१ मते मिळाली, लोहियांना ५४ हजार ३६०. त्याआधी १९५७ मध्ये चंदौली मतदारसंघात काँग्रेसच्या त्रिभुवन नारायण सिंह यांनी त्यांचा पराभव केला होता. असा माणूस सव्वा वर्षाच्या सुमारास दुसऱ्या एका मतदारसंघात उभा राहतो आणि काँग्रेसच्या ताब्यातील जागा पन्नास हजारांहून अधिक मताधिक्याने जिंकतो, हे राजकीय भाकिते करणाऱ्यांच्या हिशेबात बसणारे नव्हते.

फुलपूरच्या पराभवात लोहियांच्या स्वभावाची एक खूण दडली आहे. नेहरूंच्या विरोधात आपण जिंकणार नाही, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही ते उभे राहिले, कारण ज्या माणसाला देशात कोणी प्रश्न विचारत नाही त्याला त्याच्याच घरी जाऊन प्रश्न विचारणे हे लोकशाहीचे काम आहे, अशी त्यांची धारणा होती. आणि ज्यांना ते प्रश्न विचारत होते, ते नेहरू त्यांना परके नव्हते.

राममनोहर लोहियांचा जन्म २३ मार्च १९१० रोजी तत्कालीन फैजाबाद जिल्ह्यातील अकबरपूर येथे झाला. ते अगदी लहान असतानाच आई गेली. वडील हिरालाल हे गांधीजींच्या प्रभावाखाली आलेले व्यापारी गृहस्थ. पुढे त्यांच्या समवेत राममनोहर मुंबईस आले आणि येथील मारवाडी विद्यालयातून मॅट्रिक झाले. बनारस आणि कलकत्ता येथील शिक्षण आटोपून ते जर्मनीत गेले. त्या काळी बहुसंख्य भारतीय विद्यार्थी इंग्लंडची वाट धरत. लोहियांनी जाणीवपूर्वक बर्लिन निवडले. तेथे जर्मन शिकून त्यांनी १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता हिंदुस्थानातील मिठावरील कर आणि सत्याग्रह. गरिबाच्या पानातील चिमूटभर मीठ आणि साम्राज्याची तिजोरी यांचा संबंध आकड्यांनी मांडण्याची ही सवय पुढे तीस वर्षांनी संसदेत त्यांच्या उपयोगी पडणार होती.

बर्लिनच्या दिवसांतील एक प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. १९३० मध्ये जिनिव्हा येथे राष्ट्रसंघाच्या सभेत बिकानेरचे महाराज हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बोलण्यास उभे राहिले, तेव्हा प्रेक्षकांच्या सज्जातून लोहिया आणि त्यांच्या एका मित्राने शीळ घालून निषेध केला. त्यांना बाहेर काढण्यात आले. ज्याला जनतेने निवडलेले नाही त्याने जनतेच्या नावाने बोलू नये, हा त्यामागील विचार होता. प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

मायदेशी परतल्यावर १९३४ मध्ये ते काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत सामील झाले. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, युसूफ मेहेरअली ही मंडळी त्यांच्या बरोबरीची. १९३६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या नेहरूंनी या सव्वीस वर्षांच्या तरुणाला अलाहाबादला बोलावून घेतले आणि काँग्रेसच्या परराष्ट्र विभागाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली. एके काळी लोहिया नेहरूंवर लोभ करणाऱ्या तरुणांपैकी एक होते. पुढील काळातील त्यांच्या टीकेची धार समजून घेताना हा जुना लोभ विसरून चालत नाही. अपेक्षाभंग झालेल्या माणसाची टीका शत्रूच्या टीकेहून अधिक झोंबते.

१९४२ च्या आंदोलनात लोहिया भूमिगत झाले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेल्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या पाठीशी जे नेते होते, त्यांत लोहिया प्रमुख होते. जागा बदलत, पोलिसांना चकवीत हे केंद्र सुमारे तीन महिने चालले आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये पोलिसांच्या हाती लागले. लोहिया निसटले. नेपाळच्या तराईत जयप्रकाशांबरोबर त्यांनी सशस्त्र दस्ता उभारण्याची खटपट केली. अखेर मे १९४४ मध्ये ते मुंबईतच पकडले गेले आणि त्यांची रवानगी लाहोरच्या किल्ल्यात झाली. तेथे दिवसच्या दिवस झोपू न देणे, तासन्‌तास बसवून ठेवून चौकशी करणे अशा छळाला त्यांना तोंड द्यावे लागले. एप्रिल १९४६ मध्ये त्यांची सुटका झाली तेव्हा प्रकृती पार खालावली होती.

विश्रांतीसाठी ते गोव्यात गेले. बर्लिनमधील त्यांचे स्नेही डॉ. ज्युलियाव मिनेझिस यांचे घर साष्टीतील असोळणे या गावी होते. पण तेथे लोक भेटावयास येऊ लागले आणि सभेसाठी, वृत्तपत्रासाठी, फार काय लग्नपत्रिका छापण्यासाठीदेखील पोर्तुगीज सरकारची परवानगी लागते, हे लोहियांच्या कानी आले. विश्रांती तेथेच संपली. १८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावात त्यांनी सभाबंदी मोडली. त्यांना अटक झाली. परंतु गोमंतकीयांच्या मनातील भीतीचा बांध त्या दिवशी फुटला. तो दिवस आजही गोव्यात क्रांतिदिन म्हणून पाळला जातो आणि मडगावातील ते मैदान लोहियांच्या नावाने ओळखले जाते. महाराष्ट्र आणि गोवा यांना लोहिया आपले वाटतात, ते अशा ऋणानुबंधांमुळे.

स्वातंत्र्यानंतर मार्च १९४८ मध्ये नाशिक येथे भरलेल्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. येथून लोहियांच्या आयुष्यातील एकाकी पर्व सुरू झाले. १९५४ मध्ये ते प्रजा समाजवादी पक्षाचे सरचिटणीस होते. त्यावेळी त्रावणकोर-कोचीनमध्ये त्यांच्याच पक्षाचे पट्टम थाणू पिळ्ळै मुख्यमंत्री होते. त्या राज्यात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला आणि माणसे मेली. लोहिया तेव्हा तुरुंगात होते. तेथूनच त्यांनी आपल्या पक्षाच्या सरकारने राजीनामा द्यावा, अशी मागणी केली. स्वतंत्र भारतात निःशस्त्र नागरिकांवर गोळी झाडणाऱ्या सरकारला सत्तेवर राहण्याचा अधिकार नाही आणि ते सरकार आपले असले तर मुळीच नाही, हे त्यांचे म्हणणे होते. सहकाऱ्यांना ते मानवले नाही. वाद वाढत गेला, लोहियांवर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि १९५५ च्या अखेरीस हैदराबाद येथे त्यांनी वेगळा समाजवादी पक्ष स्थापन केला.

तत्त्वासाठी आपल्याच पक्षाचे सरकार मोडावयास निघालेला नेता, अशी त्यांची प्रतिमा येथे पक्की झाली. आदराने पाहणारे पुष्कळ होते. बरोबर चालणारे थोडे. त्या थोड्यांत मधू लिमये होते. १९५६ मध्ये लोहियांचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी पत्रव्यवहार चालू होता. दोघांनी एकत्र येऊन काँग्रेसला सक्षम पर्याय द्यावा, असा विचार त्यामागे होता. प्रत्यक्ष भेट होण्यापूर्वीच ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ती भेट झाली असती तर, हा प्रश्न जातिव्यवस्थेविरुद्धच्या लढ्याचा विचार करणाऱ्यांना अजूनही अस्वस्थ करतो.

आता पुन्हा फर्रुखाबादकडे वळू. गंगेकाठचा हा जिल्हा बटाट्याच्या पिकासाठी आणि छापील कापडासाठी प्रसिद्ध. जिल्ह्याचे मुख्यालय फतेहगढ. त्याच जिल्ह्यात कंपिल हे गाव आहे; महाभारतातील पांचालांची राजधानी कांपिल्य ती हीच, असे परंपरा मानते. म्हणजे हे द्रौपदीचे माहेर. भारतीय स्त्रीचा आदर्श म्हणून सावित्रीऐवजी प्रश्न विचारणाऱ्या द्रौपदीकडे पाहावे, असे लोहिया सांगत असत. अशा माणसाने निवडणुकीला उभे राहण्यासाठी द्रौपदीचाच जिल्हा गाठावा, हा योगायोग मोठा मनोहर आहे.

पण त्यांचे या जिल्ह्याशी नाते योगायोगाचे नव्हते. १९५४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने कालव्याच्या पाण्याचे दर वाढवले. त्याविरुद्ध आंदोलन पुकारून लोहिया फर्रुखाबादेत आले आणि वाढीव पाणीपट्टी देऊ नका, असे त्यांनी दोन जाहीर सभांत शेतकऱ्यांना सांगितले. ४ जुलै १९५४ च्या रात्री त्यांना अटक झाली आणि फतेहगढच्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. अटकेसाठी जो कायदा वापरला तो १९३२ सालचा, म्हणजे सविनय कायदेभंग दडपण्यासाठी इंग्रजांनी केलेला होता. कर किंवा सरकारी देणे चुकते करू नका, असे सांगणे हाच त्या कायद्याने गुन्हा ठरवला होता. लोहियांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ते सुटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. जानेवारी १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, नुसते तसे सांगणे आणि सार्वजनिक सुव्यवस्था धोक्यात येणे यांत निकटचा संबंध दाखवता आला पाहिजे. तो येथे दिसत नाही. कायद्याचे ते कलम रद्द ठरले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयीच्या खटल्यांत आजही या निकालाचा आधार घेतला जातो. ज्या जिल्ह्याने लोहियांना संसदेत पाठवले, त्याच जिल्ह्याच्या पाणीपट्टीपायी नऊ वर्षांपूर्वी ते गजाआड गेले होते.

काँग्रेसचे खासदार मूलचंद दुबे यांच्या निधनामुळे फर्रुखाबादची जागा रिकामी झाली. काँग्रेसने उमेदवारी दिली ती डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना. केसकर हे मराठी गृहस्थ, विद्वान आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री. शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही हकिकत जुन्या पिढीच्या चांगल्याच स्मरणात आहे. एका बाजूस सरकारी नभोवाणीचे माजी मंत्री आणि दुसऱ्या बाजूस सरकारला चकवून गुप्त रेडिओ चालवणाऱ्यांचा नेता, असा तो सामना झाला.

काळही काँग्रेसला प्रतिकूल होता. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ताजी होती. तिबेट आणि हिमालयाच्या सीमेविषयी लोहिया वर्षानुवर्षे इशारे देत आले होते. ते आता लोकांना आठवू लागले. तथापि केवळ नाराजी पुरेशी नसते. ती एका पेटीत पडावी लागते. त्या मे महिन्यात ते घडले. विरोधी पक्षांनी एकमेकांविरुद्ध उभे राहण्याऐवजी एकमेकांना वाट दिली. अमरोहा येथे आचार्य कृपलानी केंद्रीय मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम यांच्या विरोधात विजयी झाले. हे तेच कृपलानी, ज्यांचा वर्षापूर्वी उत्तर मुंबईत व्ही. के. कृष्ण मेनन यांनी दणदणीत पराभव केला होता. राजकोट येथे स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी, मुंबईचे माजी महापौर, निवडून आले. आणि फर्रुखाबादेत लोहिया. जौनपूर येथे मात्र जनसंघाचे दीनदयाळ उपाध्याय काँग्रेसकडून पराभूत झाले.

या जौनपूरमध्येच लोहियांच्या विजयाची दुसरी बाजू आहे. दीनदयाळजींच्या प्रचारासाठी लोहिया तेथे गेले होते. आणि फर्रुखाबादेत लोहियांसाठी जनसंघाचे कार्यकर्ते राबले होते. उत्तर प्रदेशात जनसंघाचे संघटन बांधणारे नानाजी देशमुख या जुळवाजुळवीत पुढे होते. समाजवादी विचारांच्या अनेकांना हा धक्का होता. धर्म, राष्ट्र, भाषा, अल्पसंख्याक यांविषयी जनसंघाची भूमिका आणि समाजवाद्यांची भूमिका यांत महदंतर होते. १९६३ च्या अखेरीस पक्षाच्या कलकत्ता अधिवेशनात लोहियांनी बिगरकाँग्रेसवादाची नीती मांडली, तेव्हा मधू लिमये यांच्यासारख्या अगदी निकटच्या सहकाऱ्याचाही तिला विरोध होता. आपल्याच पक्षाचे सरकार एका गोळीबारापायी मोडू पाहणारा हा नेता आता परक्या विचारांच्या पक्षाशी हातमिळवणी कशी करतो, असा तो प्रश्न होता.

लोहियांचे उत्तर असे की, एकाच पक्षाची सत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकली की तिला लोकांची भीती उरत नाही. भाकरी परतली नाही तर करपते. काँग्रेसला एकदा तरी हरवता येते, हे लोकांना दिसले पाहिजे. विचारांचे भांडण त्यानंतर मोकळेपणाने करता येईल. विचाराची शुद्धता आणि विजयाची शक्यता यांपैकी काय निवडावे, हा पेच तेव्हा जसा खरा होता तसा आजही आहे. लोहियांनी त्याचे एक उत्तर दिले आणि त्याची किंमत मोजण्याचीही तयारी ठेवली. ते उत्तर सर्वांना पटले नाही, आजही पटत नाही. परंतु ते त्यांनी स्वतःच्या लाभासाठी दिले नव्हते, याबद्दल त्यांच्या विरोधकांनीही शंका घेतली नाही.

ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातील हा पहिला अविश्वास ठराव. नव्यानेच निवडून आलेले लोहिया त्यावर बोलावयास उभे राहिले. ते हिंदीत बोलले. देशातील सत्तावीस कोटी माणसे, म्हणजे साठ टक्के जनता, दिवसाला तीन आण्यांवर जगते, असा दावा त्यांनी केला. आणि त्याच्या शेजारी पंतप्रधानांवर रोज होणाऱ्या पंचवीस हजार रुपयांच्या खर्चाचा आपला जुना हिशेब ठेवला. नेहरूंनी हा आकडा नाकारला. त्यांच्या मते तो पंधरा आणे होता.

हा वाद निव्वळ आकड्यांचा नव्हता. तो गरिबी कशी मोजावी याचा होता. पंधरा आणे रोज म्हणजे वर्षाला सुमारे ३४२ रुपये. राष्ट्रीय उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की असे सरासरीचे आकडे निघतात. लोहियांचे म्हणणे असे की, सरासरीत टाटा-बिर्लाही येतात आणि रानात मोळी विकणारी बाईही येते. त्या बाईच्या हाती काय पडते, हे सरासरी सांगत नाही. वरच्या वर्गाचा वाटा वेगळा काढा आणि मग उरलेल्यांचे उत्पन्न मोजा. तीन आणे म्हणजे नव्या चलनात एकोणीस पैशांहूनही कमी; महिन्याला साडेपाच रुपयांच्या आसपास. सप्टेंबरमध्ये या एकाच विषयावर लोकसभेत स्वतंत्र चर्चा झाली. नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या साठ टक्क्यांसाठी साडेसात आण्यांचा आकडा पुढे केला. तो लोहियांच्या आकड्याहून मोठा होता हे खरे. पण पंतप्रधानांनी सांगितलेल्या आकड्याच्या तो निम्माच होता. सरकार सरासरीवरून तळाच्या माणसाकडे सरकले, हाच लोहियांचा विजय.

ठराव अपेक्षेप्रमाणे फेटाळला गेला. बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. परंतु आण्यांचा तो वाद सभागृहाबाहेर, चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याची सविस्तर मोजदाद प्रसिद्ध केली आणि दारिद्र्यरेषा हा शब्द सार्वजनिक चर्चेत रुळला. अर्थतज्ज्ञांचे काम स्वतंत्र आणि शास्त्रीय होते. पण तळाचा माणूस किती खातो, हा प्रश्न संसदेच्या पटलावर ठासून ठेवण्याचे श्रेय फर्रुखाबादच्या खासदाराकडे जाते.

या तीन पराभवांनी काँग्रेसही हादरली. ऑगस्ट १९६३ मध्येच कामराज योजना अमलात आली आणि पक्षकार्यासाठी म्हणून सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. त्यामागची कारणे अनेक असली, तरी पोटनिवडणुकांचे निकाल त्यांत होते. १९६४ मध्ये बिहारमधील मुंगेरच्या पोटनिवडणुकीत मधू लिमये निवडून आले. पुण्याचा एक मराठी माणूस बिहारमधून लोकसभेत गेला आणि लोहियांच्या शेजारी बसला. नियमांचा काटेकोर अभ्यास करून सरकारला कोंडीत पकडणारे लिमये आणि नियमांच्या चौकटीला धडका देणारे लोहिया, ही जोडी सत्ताधाऱ्यांना पुरेशी तापदायक ठरली. त्याच वर्षी संयुक्त समाजवादी पक्ष स्थापन झाला आणि एस. एम. जोशी त्याचे अध्यक्ष झाले.

खासदारकीमुळे लोहिया बदलले नाहीत. मे १९६४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात ते शिरले आणि तेथून हटण्यास नकार दिल्याने त्यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. अमेरिकी सरकारने दिलगिरी व्यक्त केली. लोहियांना मात्र ती स्वतःपुरती नको होती. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्यात त्यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. त्यांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालय गाठले. कायदा व सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षितता ही एकात एक असलेली तीन वर्तुळे आहेत आणि बाहेरच्या वर्तुळातील गोष्टीसाठी आतल्या वर्तुळाचे अधिकार वापरता येत नाहीत, असे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्या निकालात सांगितले. लोहियांची सुटका झाली. कायद्याचे विद्यार्थी ही वर्तुळे आजही अभ्यासतात. पाणीपट्टीच्या सभेपासून या वर्तुळांपर्यंत, सामान्य नागरिकाला बोलण्याची जी मोकळीक मिळाली, तीत एका सतत तुरुंगात जाणाऱ्या माणसाचा वाटा आहे.

१९६७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लोहिया कन्नौजमधून उभे राहिले. कन्नौज त्यावेळी फर्रुखाबाद जिल्ह्याचाच भाग होते. या खेपेस ते अवघ्या ४७२ मतांनी निवडून आले. देशात मात्र त्यांची नीती फळाला आली होती. लोकसभेत काँग्रेसचे संख्याबळ २८३ वर घसरले आणि अनेक राज्यांत तिचे बहुमत गेले. उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये संयुक्त विधायक दलाची सरकारे आली. त्यांत समाजवादी होते, जनसंघ होता आणि कम्युनिस्टही होते. एस. एम. जोशी पुण्यातून लोकसभेत गेले.

आनंदाचे दिवस थोडेच टिकले. नव्या सरकारांनी सहा महिन्यांत ठरावीक कामे करून दाखवावीत, असा लोहियांचा आग्रह होता. मंत्र्यांना सत्तेची गोडी लागली. बिहारमध्ये त्यांच्याच पक्षाचे बी. पी. मंडल लोकसभेवर निवडून आलेले असताना राज्यात मंत्री झाले. लोकांनी एका कामासाठी निवडायचे आणि आपण दुसरीच खुर्ची पकडायची, हे लोहियांना मान्य नव्हते. त्यांनी विरोध केला. मंडल पुढे वेगळे झाले. त्याच मंडलांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८० मध्ये मागासवर्गीयांविषयीचा अहवाल दिला आणि मागासांना विशेष संधी हवी, हा लोहियांचा आग्रह वेगळ्या मार्गाने देशाच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. इतिहासाला असे वाकडे वळण घेण्याची सवय आहे.

सप्टेंबर १९६७ च्या अखेरीस दिल्लीच्या विलिंग्डन रुग्णालयात लोहियांवर प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर प्रकृती बिघडत गेली आणि १२ ऑक्टोबर १९६७ रोजी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मागे ना घर होते, ना जमीन, ना बँकेत शिल्लक. दिल्लीतील गुरुद्वारा रकाबगंज रस्त्यावरील ७ क्रमांकाचे निवासस्थान खासदार म्हणून मिळालेले. तेही कार्यकर्त्यांनी भरलेले असे. ज्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला, त्याला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. आज तेथे रांगेत उभ्या असलेल्या हजारो रुग्णांपैकी किती जणांना हे नाव कोणाचे ते ठाऊक असेल, हे सांगणे कठीण आहे.

बिगरकाँग्रेसवादाचे पुढे काय झाले, ते सर्वांसमोर आहे. लोहियांनी ती एका टप्प्यापुरती युक्ती मानली होती. अनेकांनी तिलाच तत्त्वज्ञान करून टाकले. आघाड्या झाल्या, मोडल्या, पुन्हा झाल्या. ज्यांच्याशी हातमिळवणी करून लोहिया जिंकले, त्यांचा विस्तार किती झाला आणि लोहियांच्या वारसदारांचे किती तुकडे झाले, याचा हिशेब मांडणारे त्यांना दोष देतात. तो हिशेब खोटा नाही. मात्र त्यात दुसरी बाजूही मांडावी लागते. १९६३ मध्ये फर्रुखाबादच्या मतदाराने केसकरांसारख्या सुसंस्कृत माजी मंत्र्याला बाजूला सारून एका फाटक्या, भांडखोर, बेभरवशाच्या समजल्या जाणाऱ्या माणसाला निवडले नसते, तर तीन आण्यांवर जगणाऱ्याची बाजू त्या सभागृहात इतक्या ठामपणे कोणी मांडली असती?

पोटनिवडणुकीने सरकार बदलत नाही. एका जागेने बहुमताला धक्काही लागत नाही. मतदार हे जाणून असतो आणि म्हणूनच कधी कधी तो अशा वेळी निर्धास्तपणे आपल्या मनातील माणूस निवडतो. फर्रुखाबादने सरकार निवडले नव्हते. सरकारला प्रश्न विचारणारा निवडला होता. सभागृहातील बाके कितीही भरलेली असोत, तेथे असा एक माणूस असणे किती मोलाचे असते, हे त्या एका निकालाने दाखवून दिले.